आठवणींची उलटतपासणी

निवृत्त माणसाच्या आठवणी ऐकून घ्याव्यात, असे सगळेच सांगतात. मुले ऐकतात, सुना ऐकतात, ज्येष्ठांसाठी काम करणारे कार्यकर्तेही ऐकतात. माझी तक्रार या ऐकून घेण्याबद्दलच आहे. मान डोलावणारा श्रोता मिळाला की म्हातारा माणूस तेच तेच सांगत राहतो आणि दर वेळी आपल्या तरुणपणाला आणखी थोडी कल्हई करतो. त्याला खरी गरज असते ती "छे, असं नव्हतंच ते" म्हणणाऱ्या समवयस्काची.

कोलकात्यात असे समवयस्क मुबलक आहेत. दक्षिण-पूर्व रेल्वेच्या नोकरीत मी नागपूरहून गार्डन रीचच्या मुख्यालयात आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. सकाळी रवींद्र सरोवराला फेरी झाली की बाकावर अड्डा बसतो. परवा एक दादा सांगत होते, मेट्रो सुरू झाली त्याच दिवशी आपण एस्प्लनेडहून थेट टॉलीगंजला गेलो. लगेच शेजारच्याने अडवले. 24 ऑक्टोबर 1984 ला गाडी भवानीपूरपर्यंतच धावली होती, टॉलीगंजचा टप्पा 1986 चा. दादा चिडले, मग हसले, आणि मग खरी आठवण वर आली. त्या दिवशी ते नुसती गर्दी बघून परत आले होते. आत शिरायला मिळालेच नव्हते. ही दुसरी आठवण पहिलीपेक्षा कितीतरी सरस होती.

"आमच्या काळी शहर किती शांत होतं" या वाक्याचीही तीच गत. ते उच्चारले की कुणीतरी नक्षलवादी चळवळीचे 1970-71 साल काढतो: गल्लीत पडलेली पोरे, रात्री दारावरची थाप. त्यामागून लोडशेडिंग येते, 1978 च्या सप्टेंबरातला पूर येतो. सुवर्णकाळ घासाघीस करून थोडा लहान करावा लागतो.

माझ्यावरही पाळी येतेच. मराठी माणूस म्हटला की इथे बर्गी, म्हणजे लुटालूट करणारे मराठा स्वार, आठवणारच. आपल्याकडे अटकेपार झेंडे पाठ करून घेतात. नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी 1742 पासून जवळजवळ दहा वर्षे बंगालमध्ये काय केले, ते शाळेत कुणी सांगितल्याचे आठवत नाही. इथे ते अंगाईगीतात उतरले आहे. त्या धास्तीने कलकत्त्याभोवती खणायला घेतलेला 'मराठा डिच' हा खंदक पुरा झालाच नाही. पुढे 1799 मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून सर्क्युलर रोड काढला. 1751 च्या तहात बंगालचा नवाब अलीवर्दी खानाने ओरिसाचा महसूल आणि वर्षाला 12 लाखांची चौथाई कबूल केली, तेव्हा कुठे स्वाऱ्या थांबल्या. नागपूरच्या माणसाला हे असे समोरून ऐकणे सुखाचे नसते. पण मीही गप्प बसत नाही. सखाराम गणेश देउस्कर मराठी घराण्यातले. त्यांनी 1904 मध्ये बंगालीत लिहिलेल्या 'देशेर कथा'ने स्वदेशीच्या चळवळीला इंग्रजी लुटीचा हिशेब पुरवला आणि सरकारने 1910 मध्ये ते पुस्तक जप्त केले. त्यांच्याच खटपटीने इथे शिवाजी उत्सव सुरू झाला. रवींद्रनाथांनी त्यावर कविता लिहिली. ज्या प्रांतात आया बर्गींच्या नावाने पोरे झोपवत होत्या, तिथेच! कुणाचे खरे, यावर बाक अजून एकमताला आलेला नाही, आणि येऊही नये.

अड्ड्याचे कौतुक बेतानेच करावे. तो बव्हंशी पुरुषांचा आहे. आम्ही 1978 चा पूर मोजत बसतो तेव्हा घरोघरच्या बायका नातवंडांचे डबे भरत असतात. त्या पुरात चूल कुणी आणि कशी पेटवली, हे त्यांना माहीत आहे, पण त्यांना कुणी विचारत नाही आणि खोडूनही काढत नाही. शिवाय जुनी घरे पाडून इमारती उठल्या, तसे दारापुढचे रोआक म्हणजे अड्ड्याचे ओटेही गेले. मुले बंगळूरला नाहीतर परदेशात. मार्च 2020 मध्ये रेल्वेने ज्येष्ठांची भाडेसवलत काढून घेतल्यापासून मुलांकडे जाणेही हात राखून होते. मला रेल्वेचा पास आहे. बाकावरच्या इतरांना नाही. सवलत परत द्यावी, हे तर झालेच. पण प्रवास करून म्हातारा पोचतो तो पुन्हा मान डोलावणाऱ्यांच्याच घरात.

महाराष्ट्रात ज्येष्ठ नागरिक संघ गावोगाव आहेत. त्यांचे कार्यक्रम मात्र ठरलेले: गुडघेदुखीवर व्याख्यान, जुन्या गाण्यांची मैफल, महिन्याचे वाढदिवस. सगळे गोड, कुणी कुणाला दुखवत नाही. अशा संघांच्या चिटणिसांना माझी विनंती आहे. पुढच्या महिन्यातले एक व्याख्यान रद्द करा. कुणाला तरी 1972 चा दुष्काळ किंवा 1974 चा रेल्वे संप सांगायला बसवा, बाकीच्यांना मधेच तोडायची पूर्ण मुभा द्या, आणि पहिली पाळी एखाद्या बाईंची ठेवा.