हसत हसत

इथं बालीत माझ्या शेजारणीची सकाळ पूजेनं सुरू होते. कोवळ्या नारळपानांची चिमुकली परडी. तिला इथं चनांग सारी म्हणतात. तिच्यात फुलं, वर उदबत्ती. ती परडी उंबऱ्याशी ठेवते, फुलानं पाणी शिंपडते, तळहातानं धूर देवाकडे वळवते. हसत हसत. कालची फुलं कोंबड्यांनी विस्कटलेली असतात. तिच्या कपाळावर आठी नाही. आज नवी परडी, हसत हसत.

नेम आपणही पाळतो. देवपूजा, स्वयंपाक, आजाऱ्याचं औषधपाणी. पण पुष्कळदा चेहरा ओढलेला. आणि घरच्यांना आपल्या कष्टांआधी तो चेहराच दिसतो. नेम मोठा खराच. तो हसत हसत पाळणं, मला वाटतं, त्याहून मोठं. आता तुमच्याकडे चहा उकळत असेल. पहिला कप हसत हसत द्या.