मद्य, झोप आणि अमानत

1 जुलै 2023 च्या रात्री दीडच्या सुमारास समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस उलटली आणि तिने पेट घेतला. 33 पैकी 25 जण होरपळून मृत्युमुखी पडले. त्यांत आपल्या वर्धा जिल्ह्यातील अनेकजण होते. ईदुल-अजहा होऊन दोनच दिवस झाले होते. चेहरे ओळखता येत नव्हते, म्हणून बुलढाण्यात 24 जणांवर सामूहिक अंत्यसंस्कार झाले आणि एका मुस्लिम तरुणीचे दफन करण्यात आले.

टायर फुटल्याचे चालकाने सांगितले. परिवहन विभागाला तशी खूण आढळली नाही. पुढे चालकाच्या रक्तात मद्याचा अंश सापडल्याचे न्यायवैद्यक अहवालाच्या आधारे वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. त्याला डुलकी लागली असावी, असेही बोलले गेले. दोषाचा निर्णय न्यायालयाचा आहे. त्यात आपण पडू नये. परंतु त्या दिवसांत घरोघरी झालेल्या चर्चेत एक प्रश्न दडलेला होता आणि तो आपल्या दीनशी निगडित आहे. मद्य पिऊन स्टिअरिंग धरणाऱ्याला आपण गुन्हेगार म्हणतो. झोप अनावर झालेली असताना स्टिअरिंग धरणाऱ्याला मात्र ‘बिचारा, पोटासाठी राबत होता’ म्हणतो. अल्लाहच्या दरबारात हा भेद टिकेल काय?

मद्याविषयी आपल्याला शंका नाही. सूरह माइदाच्या 90 व्या आयतीने ते निषिद्ध ठरविले. परंतु त्याआधी सूरह निसाच्या 43 व्या आयतीत जी आज्ञा आली, तिच्यातील कारण लक्षात घ्यावे. नशेत असताना नमाजजवळ जाऊ नये. आपण काय बोलत आहोत हे समजू लागेपर्यंत थांबावे, असा तिचा आशय आहे. म्हणजे तेथे जाणिवेचे भान हीच पात्रता ठरली. आता हजरत आयशा (र.) यांनी निवेदन केलेली आणि सहीह बुखारीत आलेली हदीस पाहावी. नमाज पढताना कोणाला डुलकी येऊ लागली, तर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याला झोप जाईपर्यंत निजण्यास सांगितले, कारण पेंगणारा मनुष्य क्षमायाचना करायला जाऊन स्वतःलाच शाप देत असेल, हे त्याला कळणार नाही. मद्य हराम आहे आणि झोप ही तर अल्लाहची देणगी. तरीही दोहोंना एकच कसोटी लावली गेली: भान आहे की नाही?

येथे विचार करावा. नमाज ही बंदा आणि त्याचा पालनकर्ता यांच्यामधील गोष्ट आहे. तिच्यात चूक झाली तर हानी एकट्याची. त्या नमाजमध्येही पेंगणाऱ्याला थांबविले गेले. मग ज्याच्या मागे तीस-चाळीस माणसे विश्वासाने झोपली आहेत, त्याला पेंगण्याची मुभा कोठून मिळणार?

विज्ञानाचा निर्वाळाही हाच आहे. 1997 साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी दाखवून दिले की सलग 17 तास जागलेल्या माणसाचे काम रक्तात 0.05 टक्के मद्य असलेल्या माणसाइतके बिघडते. आपल्या देशात वाहनचालकासाठी मर्यादा 0.03 टक्के आहे. ज्याने दारूला आयुष्यात स्पर्श केला नाही असा आपला नमाजी भाऊही सकाळपासून जागा राहून मध्यरात्री गाडी चालवीत असेल, तर मद्यपीहून फारसा वेगळा उरत नाही.

आकाशातील वाहनाचेही असेच आहे. वैमानिकाला उड्डाणापूर्वी 12 तास मद्य वर्ज्य आहे आणि श्वासाची तपासणी होते. पण थकवा मोजणारे असे यंत्र विमानतळाच्या दारात नाही. 22 मे 2010 रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या धावपट्टीपलीकडील दरीत कोसळले आणि 158 जण गेले. त्यांत आखातात रोजी कमावून घरी परतणारी कितीतरी माणसे होती. चौकशीत निष्पन्न झाले की मुख्य वैमानिक त्या प्रवासात दीड तासाहून अधिक काळ झोपला होता आणि त्या झोपेच्या गुंगीने त्याची निर्णयशक्ती मंदावली होती. सहवैमानिकाने पुन्हा वर उड्डाण घेण्यास सुचविले होते. ते मानले गेले नाही.

कोणी म्हणेल, झोपलेल्यावरून तर कलम उचलले गेले आहे. जागा होईपर्यंत त्याची कर्मे लिहिली जात नाहीत, अशी हदीस आहे. हदीस खरीच आहे. पण दुसऱ्याच्या प्राणाची भरपाई तिने माफ होत नाही. हनफी फुकहांनी मनुष्यवधाचे प्रकार सांगताना झोपेत कूस बदलून दुसऱ्याच्या अंगावर पडणाऱ्या आणि त्याचा जीव घेणाऱ्या माणसाचे उदाहरण दिले आहे. त्यांनी त्याला हेतुपुरस्सर खुनी म्हटले नाही. तथापि दियत आणि कफ्फारा दोन्ही लागू केले. आणि हा तर अंथरुणावर निजलेला होता! जो डोळे मिटत असल्याचे जाणूनही गाडी थांबवीत नाही, त्याचा हिशेब झोपेच्या क्षणाचा नसून त्याआधीच्या जाग्या क्षणाचा आहे.

मात्र सगळा भार चालकावर टाकून मोकळे होणे हाही अन्याय ठरेल. मद्याचा प्याला मनुष्य स्वतः उचलतो. थकवा पुष्कळदा दुसरा कोणी त्याच्यावर लादतो. 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला 8 तासांची मर्यादा घातली होती. ती कितपत पाळली जाते, हे ट्रॅव्हल्सच्या कोणत्याही थांब्यावर विचारावे. प्रेषितांनी (स.) हाताखालच्या माणसांना बंधू म्हटले आणि त्यांच्या शक्तीबाहेरचे काम लादू नका, लादलेच तर स्वतः मदत करा, अशी ताकीद दिली. रात्रीच्या लांब फेरीला दुसरा चालक देणे हा या हदीसचा सरळ अर्थ आहे.

आणि आपण प्रवासी? जानेवारी 2024 मध्ये वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 वरून 48 तास करण्याचा नियम झाला. डिसेंबर 2025 मध्ये, नव्या नियमांना पुरतील इतके वैमानिक हाताशी नसल्याने देशातील सर्वांत मोठ्या विमानकंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि काही नियम तात्पुरते शिथिल करावे लागले. लोकांचा संताप समजण्यासारखा होता. पण दुसऱ्याच्या झोपेची किंमत मोजण्यास आपण किती तयार आहोत, हेही त्यातून उघड झाले. लग्न आटोपून रात्रीच निघण्याचा हट्ट कोण धरतो? रमजानमध्ये तरावीह आणि सहरीने जागलेल्या भाच्याला येळाकेळीवरून समृद्धीवर गाडी घालायला कोण सांगतो? अल्लाहने प्रवाशाला रोजाची सवलत दिली, तेथे आपण त्याला एका रात्रीच्या झोपेचीही सवलत देत नाही.

आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा आहे. बापू आणि विनोबांच्या या भूमीत राहणारे आपण मद्यापासून दूर असल्याचे समाधान बाळगतो. ते समाधान अपुरे आहे. सूरह कससच्या 26 व्या आयतीत कामावर ठेवण्यायोग्य माणसाचे दोन गुण आले आहेत: तो समर्थ असावा आणि अमानतदार असावा. न पिणारा पण पेंगणारा चालक कदाचित अमानतदार असेल, त्या घडीला समर्थ नाही. आणि असमर्थ असल्याचे ठाऊक असूनही तो चालवीत राहिला, तर अमानतही हातची गेली.

तेव्हा पुढच्या प्रवासाआधी चालकाला एक प्रश्न अवश्य विचारावा: भाऊ, आपली झोप झाली आहे का? उत्तर नकारार्थी असेल तर वाटेत थांबावे, चहा पाजावा, तासभर त्याला निजू द्यावे. घरी उशिरा पोहोचू. उंट बांधून मगच अल्लाहवर भरवसा ठेवण्याची शिकवण आपल्याला मिळाली आहे.

अल्लाह आपल्या सर्वांना एकमेकांच्या प्राणांची अमानत सांभाळण्याची सुबुद्धी देवो. आमीन.