दहा टक्के जबाबदारी

नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९ जुलै २०१९ रोजी एक निकाल दिला. चोवीस वर्षांपूर्वी, जुलै १९९५ मध्ये, बोस्नियातील स्रेब्रेनित्सा शहराजवळच्या छावणीतून डच शांतिसैनिकांनी आश्रयाला आलेल्या सुमारे साडेतीनशे पुरुषांना बाहेर काढले. बाहेर सर्ब फौज उभी होती. तिने त्यांना नेले आणि ठार केले. या मृत्यूंची जबाबदारी डच सरकारवर येते, असे न्यायालयाने मान्य केले. पण किती? दहा टक्के.

हा आकडा वाचल्यापासून मी त्याच्याशी भांडतो आहे. आधी त्याची बाजू नीट समजून घेतली पाहिजे. न्यायालयाने गुन्ह्याचे दहा तुकडे करून एक तुकडा डचांच्या पदरात टाकला, असा त्याचा अर्थ नाही. न्यायालयाचा प्रश्न वेगळा होता. या माणसांना छावणीतच राहू दिले असते, तर ती वाचण्याची शक्यता किती होती? खालच्या न्यायालयाने २०१७ मध्ये ती तीस टक्के धरली होती, वरच्याने दहावर आणली. डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे रोग्याची वाचण्याची संधी हुकली, तर त्या संधीच्या प्रमाणात भरपाई द्यावी, असा जो दिवाणी कायद्यातला हिशेब आहे, तोच येथे लावला गेला. हिशेब म्हणून तो चुकीचा नाही. मला छळतो तो उरलेला नव्वद टक्के भाग. तो मारणाऱ्यांचा, हे उघड आहे. पण मारणाऱ्यांनी कोणाला वाचवण्याचे वचन दिले नव्हते. वचन देणारे दुसरेच होते, आणि त्यांचे नाव या हिशेबात कोठेच येत नाही.

ते वचन कसे दिले गेले, हे थोडे सविस्तर सांगायला हवे. पूर्व बोस्नियातील स्रेब्रेनित्सा सर्ब फौजेने वेढलेले होते. आसपासच्या गावांतून हाकललेले मुसलमान तेथे येऊन कोंडले गेले होते. मार्च १९९३ मध्ये शांतिसेनेचा फ्रेंच सेनापती फिलिप मोरियाँ तेथे गेला आणि तुम्ही आता संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखाली आहात, असे त्याने लोकांना जाहीरपणे सांगितले. १६ एप्रिल १९९३ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक ८१९ करून त्या भागाला ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हटले. पुढच्या महिन्यात साराजेव्हो, तुझला, झेपा, गोराझ्दे आणि बिहाच यांची नावेही त्यात आली. दोनच दिवसांत शस्त्रे खाली ठेवण्याचा करार झाला. शस्त्रे द्या, संरक्षण घ्या, असा तो सौदा होता. आतल्या लोकांनी सगळी शस्त्रे दिली नाहीत आणि त्यांच्या तुकड्या बाहेर जाऊन हल्लेही करीत, हे नोंदवले पाहिजे. ते लपवून इन्साफ मागता येत नाही. पण बरीच शस्त्रे दिली गेली. जुलै १९९५ मध्ये हल्ला सुरू झाला तेव्हा लोकांनी ती परत मागितली. ती मिळाली नाहीत.

आता वचनाची किंमत पाहा. सहा क्षेत्रे राखायची तर सुमारे ३४,००० सैनिक लागतील, असे संयुक्त राष्ट्रांच्या सेनाधिकाऱ्यांनी सांगितले होते. परिषदेने जून १९९३ मध्ये मंजूर केले सुमारे ७,६००. त्याला ‘हलका पर्याय’ असे नाव दिले गेले. सैनिक कोणत्या देशाने द्यायचे, हा प्रश्न निघाला की सगळ्यांची मान खाली. शेवटी डचांनी एक हलकी शस्त्रे असलेली बटालियन पाठवली. ११ जुलै १९९५ रोजी शहर पडले तेव्हा तेथे जेमतेम चारशेवर डच सैनिक होते. त्यांनी विमानहल्ले मागितले. ते आले उशिरा आणि आले तेही नावापुरते. वीस हजारांवर माणसे, बहुतेक बायका-मुले, पोटोचारीच्या जुन्या बॅटरी कारखान्यातल्या छावणीकडे धावली. काही हजारांना आत घेतले, बाकीची फाटकाबाहेर राहिली. पुढच्या काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष आणि किशोर मारले गेले. बरेचसे तुझलाकडे जंगलातून निघालेले होते.

मृतांच्या नातलगांनी संयुक्त राष्ट्रांवर दावा लावला. एप्रिल २०१२ मध्ये डच सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, या संस्थेला न्यायालयात खेचता येत नाही. तिला कायद्याचे अभय आहे. जून २०१३ मध्ये युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानेही तेच म्हटले. अभयामागचे कारण अगदीच पोकळ नाही. उद्या कोणत्याही देशाच्या कोर्टाने संयुक्त राष्ट्रांच्या मालमत्तेवर जप्ती आणली, तर ती संस्था चालायचीच नाही. परंतु ज्या १९४६ च्या करारात हे अभय आहे, त्याच करारात असेही लिहिले आहे की, खासगी स्वरूपाचे तंटे मिटवण्याची योग्य व्यवस्था संस्थेने स्वतः करावी. स्रेब्रेनित्साच्या आयांसाठी अशी कोणतीच व्यवस्था झाली नाही. सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या नोव्हेंबर १९९९ च्या अहवालात अपयशाची कबुली आहे, ती प्रामाणिकही वाटते. पण कबुली दिलेल्या माणसाला आपण विचारतो, मग आता काय करणार? संस्थेला हा प्रश्न कोणी विचारायचा?

उर्दू शाळेत आम्ही या संस्थेला ‘अक्वामे मुत्तहिदा’ म्हणतो. नागरिकशास्त्राच्या तासाला मी तिची अंगे फळ्यावर लिहितो: सर्वसाधारण सभा, सुरक्षा परिषद, न्यायालय, सचिवालय. मुले पाठ करतात. परीक्षेत गुण मिळतात. एखादा मुलगा विचारतो, सर, यांचा हुकूम कोणी मोडला तर? पाठ्यपुस्तकात त्याचे उत्तर असते. पण यांनीच आपला शब्द मोडला तर काय, याचे उत्तर कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला सापडलेले नाही.

आपल्या घरांत एक शब्द सगळ्यांना माहीत आहे: फर्ज-ए-किफाया. जनाज्याची नमाज हे त्याचे नेहमीचे उदाहरण. वस्तीतल्या काही जणांनी ती अदा केली की सगळ्यांच्या डोक्यावरचे ओझे उतरते. कोणीच केली नाही तर? तर ओझे वाटले जात नाही. हजार माणसांच्या वस्तीत प्रत्येकाच्या वाट्याला हजारावा हिस्सा येत नाही. ज्यांना माहीत होते आणि ज्यांना शक्य होते, असा प्रत्येक जण पूर्ण गुनाहगार ठरतो. इल्म आणि इस्तिताअत, या दोनच कसोट्या. कर्तव्य सामायिक असले तरी दोषाची अशी वाटणी होत नाही. संस्थांच्या जगात नेमके उलटे घडते. कर्तव्य जितक्या जास्त लोकांचे, तितका प्रत्येकाचा हिस्सा लहान, आणि एकशे नव्वदांवर देश झाले की तो डोळ्यांना दिसेनासा होतो.

येथे कोणी म्हणेल, हा धर्मशास्त्राचा विचार आहे, राष्ट्रांच्या कायद्याला तो कसा लागू होईल? मलाही तसेच वाटत होते. मग आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा २६ फेब्रुवारी २००७ चा निकाल वाचनात आला. बोस्नियाने सर्बियावर लावलेला तो खटला. स्रेब्रेनित्सात वंशसंहार झाला, असे न्यायालयाने ठरवले. तो सर्बियाने स्वतः केला हे सिद्ध झाले नाही, पण तो रोखण्याचे आपले कर्तव्य सर्बियाने पाळले नाही, असे म्हटले. हे कर्तव्य कोणावर किती, हे सांगताना न्यायाधीशांनी दोन गोष्टी पाहिल्या: त्या देशाला गंभीर धोक्याची कल्पना होती का, आणि घडणाऱ्या गोष्टीवर प्रभाव टाकण्याची त्याची कुवत किती होती. त्यापुढे त्यांनी जे म्हटले त्याचा भावार्थ असा: मी सगळे प्रयत्न केले असते तरी ते पुरे पडले नसते, ही सबब येथे चालणार नाही, कारण एकट्याचे प्रयत्न अपुरे असले, तरी अनेकांचे मिळून पुरेसे ठरले असते. हेगच्या न्यायाधीशांनी फिकहची किताब उघडली होती, असे मला म्हणायचे नाही. जगातले सगळे चांगले आमच्याकडे आधीच होते, हे सांगण्याची आपल्यातल्या काहींची सवय मला आवडत नाही. पण माणसे वेगळ्या वाटांनी एकाच विहिरीवर येतात, एवढे खरे.

मात्र त्याच निकालात पुढे भरपाईचा प्रश्न आला आणि न्यायालयाने पैसे नाकारले. कारण? सर्बियाने कर्तव्य केले असते तर संहार खरोखरच टळला असता, हे दाखवता आले नाही. म्हणजे दोष ठरवताना जी सबब चालली नाही, तीच भरपाईच्या वेळी पुरेशी ठरली. डच न्यायालयाच्या दहा टक्क्यांतही हाच पेच आहे. कायदा दोन भाषा बोलतो. कर्तव्याची भाषा पूर्ण अंकांची, नुकसानीची भाषा टक्क्यांची. दुसरी भाषा काढून टाकता येणार नाही. पैशाचा दावा मोजमापाशिवाय कसा चालेल? माझी तक्रार एवढीच आहे की, वर्तमानपत्रांतून लोकांपर्यंत पोचते ती दुसरीच. ‘दहा टक्के जबाबदार’ एवढेच लक्षात राहते.

हसन नुहानोविच यांचे प्रकरण याच छावणीतले. ते शांतिसेनेचे दुभाषी होते. संयुक्त राष्ट्रांचे ओळखपत्र असल्यामुळे त्यांना आत राहता आले, आई-वडिलांना आणि धाकट्या भावाला नाही. लोकांच्या वतीने सर्ब सेनापतीशी बोलायला वडील गेले होते, म्हणून अखेरीस त्यांना राहण्याची मुभा मिळाली. धाकट्याला मुभा नव्हती. वडील त्याच्याबरोबर बाहेर गेले. तिघांपैकी कोणी वाचले नाही. हसन वर्षानुवर्षे खटला लढले आणि ६ सप्टेंबर २०१३ रोजी त्यांचे वडील व भाऊ, तसेच छावणीतच काम करणारा एक वीजतंत्री, यांच्या मृत्यूला डच सरकार जबाबदार असल्याचा निकाल मिळवला. तेथे टक्के नव्हते. सैनिक संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या टोपीत होते तरी त्या घडीला हुकूम हेगचाही चालत होता, एकच कृत्य दोघांचेही असू शकते, असे न्यायालयाने म्हटले. मला हा निकाल २०१९ च्या निकालापेक्षा मोठा वाटतो. एका टोपीआड दुसरी लपवण्याची सोय त्याने बंद केली.

‘ते मुसलमान होते म्हणूनच जग गप्प बसले,’ हे वाक्य आपल्या सभांतून मी अनेकदा ऐकले आहे. त्यात काही तथ्य असेलही. पण एक वर्ष आधी, एप्रिल १९९४ मध्ये, रवांडात तुत्सींची कत्तल सुरू असताना याच परिषदेने तेथील शांतिसेना कमी करून २७० माणसांवर आणण्याचा ठराव केला होता. तुत्सी बहुतेक ख्रिस्ती होते. आणि १९९३ साली सुरक्षा परिषदेत पाकिस्तान, मोरोक्को व जिबूती हे तीन मुस्लिम देशही बसलेले होते. ठराव ८१९ एकमताने झाला. म्हणजे वचन त्यांचेही होते. फर्ज-ए-किफाया मान्य करायचा तर बोट फक्त डचांकडे दाखवून भागत नाही.

रांगेतून कोणी तरी पुढे यावे लागते. नोव्हेंबर २०१९ मध्ये गाम्बियाने म्यानमारवर रोहिंग्यांच्या वंशसंहाराचा आरोप ठेवून हेगमध्ये खटला भरला. आफ्रिकेच्या पश्चिम टोकाचा हा चिमुकला देश, वस्ती मुंबईच्या पासंगालाही न पुरणारी. त्याचे कायदामंत्री अबुबकर तांबादू पूर्वी रवांडाच्या न्यायाधिकरणात वकील होते. २०१८ मध्ये बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या छावण्यांना त्यांनी भेट दिली होती. म्यानमारचा आक्षेप सरळ होता: तुमचे काय नुकसान झाले? लाखो निर्वासितांचा भार बांगलादेशावर पडला, तुमचा संबंध काय? बांगलादेशाने मात्र वंशसंहारविरोधी करारातल्या न्यायालयाविषयीच्या कलमावर आपला राखीव शेरा मारून ठेवलेला होता. २२ जुलै २०२२ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ मतांनी हा आक्षेप फेटाळला. या करारातील कर्तव्य प्रत्येक देश बाकी सर्व देशांना देणे लागतो, म्हणून विचारणाऱ्याने स्वतःचे नुकसान दाखवण्याची गरज नाही. वंशसंहार झाला की नाही, हे त्या दिवशी ठरले नाही. गाम्बियाला विचारण्याचा हक्क आहे, एवढेच ठरले. रोहिंग्यांच्या हकालपट्टीला तेव्हा पाच वर्षे व्हायला एक महिना उरला होता.