वर्गणी भरण्याआधी

अमेरिकेतला माझा चुलत भाऊ म्हणतो, "ताई, वर्षाची वर्गणी मी भरतो. तू फक्त आपलं घराणं शोधून काढ." अॅन्सेस्ट्री, फाइंडमायपास्ट की मायहेरिटेज, यांपैकी पूर्वज शोधायचं कोणतं संकेतस्थळ घ्यायचं, एवढंच त्याला माझ्याकडून हवं आहे. मला मात्र त्याआधी स्वतःला काही विचारायचं आहे.

मला नक्की काय सापडायला हवं आहे? आमचे पणजोबा रत्नागिरीकडून मुंबईला आले आणि जीआयपी रेल्वेच्या परळ वर्कशॉपात खलाशी म्हणून लागले, इथवर घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या मागे जायची ओढ ती माणसं कळावीत म्हणून आहे, की कुठेतरी एखादा इनामदार निघावा म्हणून? मन चाचपून पाहिलं तर दुसरी इच्छाही तिथे आहेच. उद्या एखादा पूर्वज कर्जापायी रातोरात गाव सोडून गेलेला निघाला, तर त्याचं नाव मी वंशावळीत तेवढ्याच मानाने लिहीन का? याला मनापासून 'हो' म्हणता येत असेल तरच या कामाला हात घालावा.

मग, मी विकत काय घेणार? फाइंडमायपास्टवर ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसची कागदपत्रं आहेत. त्यांतल्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मुलाचं नाव, आईबापांची नावं, राहण्याचं ठिकाण, बापाचा हुद्दा, पाद्र्याची सही, असे एकेक रकाने भरलेले असतात. गोऱ्या इंजिनड्रायव्हरच्या पणतूला त्यातून आपली माणसं सापडू शकतात. त्याच इंजिनावर घाम गाळणारा आमचा खलाशी तिथे मिळायचा नाही, कारण ते दफ्तर त्याच्यासाठी लिहिलंच नव्हतं. आमची नोंद असलीच तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात. जुनी पानं मोडीत, जातीचा उल्लेख आहेच, आणि पुष्कळदा बाळाचं नावच नाही. अमक्याला मुलगी झाली, एवढंच. अर्ज करून, फी भरून त्याची नक्कल काढावी लागते, खेपा घालाव्या लागतात. त्या टाळता येतात म्हणून घरबसल्या संकेतस्थळं चाळत राहायचं आणि त्याला शोध म्हणायचं, हे भावाच्या पैशाशी प्रामाणिक होणार नाही.

पैसे मागण्यात गैर काहीच नाही. कागद जपणं, त्यांची छायाचित्रं काढणं, सूची करणं याला खर्च येतो. पण फुकट काय मिळतं, हे पैसे भरणाऱ्याने आधी पाहिलं पाहिजे. इंग्लंड आणि वेल्सची १९२१ ची जनगणना २०२२ मध्ये खुली झाली, तेव्हा घरून मूळ पान पाहायला साडेतीन पौंड पडत. लंडनजवळ क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये जाऊन तेच पान विनामूल्य पाहता येई. लॅटर-डे सेंट्स पंथाचं फॅमिलीसर्च विनामूल्य आहे. ब्रिटिश भारतातल्या कुटुंबांचा शोध घेणाऱ्या फिबिस संस्थेची सूची स्वयंसेवकांनी बसून तयार केली आहे. अशा लोकांच्या कष्टांवर मी आयती बसणार असेन, तर मला जी थोडीफार मोडी वाचता येते ती दुसऱ्या कुणाच्या कामी येते का, हेही मी स्वतःला विचारायला हवं.

सगळ्यात जड प्रश्न हयात माणसांचा आहे. भाऊ डीएनए चाचणीचा संचही पाठवतो म्हणतो. २०२३ मध्ये ट्वेंटीथ्री-अँड-मी या कंपनीची सुमारे १४,००० खाती फोडली गेली, पण माहिती गेली जवळपास ६९ लाख लोकांची, कारण नातेवाईक जुळवण्याच्या सोयीने ती खाती इतरांच्या माहितीशी जोडलेली होती. लाळ माझी असली तरी तिच्यात माझ्या बहिणीचा, चुलत्यांचा, न जन्मलेल्या नातवंडांचाही वाटा आहे. कुणाच्या घरात दत्तक घेतल्याची गोष्ट झाकलेली असेल, कुणाचं दुसरं लग्न. ते उघडं करण्याचा अधिकार मला वर्गणीच्या पावतीने मिळत नाही.

म्हणून भावाला मी कळवणार आहे: वर्षाची वर्गणी नको. आधी कोतवाल बुकाची नक्कल, शाळेचं जुनं रजिस्टर, मग विनामूल्य संकेतस्थळं. त्यानंतरही एखादा नेमका प्रश्न उरला, तर त्यापुरती एका महिन्याची वर्गणी. दुसऱ्या कुणाच्या वंशावळीतलं नाव, मूळ नोंद पाहिल्याशिवाय, आपल्यात घ्यायचं नाही. हयात माणसांची नावं नेटवर चढवायची नाहीत, आणि सगळ्या भावंडांनी होकार दिल्याखेरीज डीएनए चाचणी करायची नाही.

आणखी एक. पणजीचं माहेरचं नाव आज आमच्यात कुणालाच सांगता येत नाही. पुढच्यांवर तीच पाळी येऊ नये म्हणून घरातल्या काकू, माम्या, वहिनी यांची माहेरची नावं आणि गावं, त्यांना विचारून, घरच्या वहीत उतरवून घ्यायची जबाबदारी माझी आहे. त्या कामाला वर्गणी लागत नाही, तेव्हा ते आधी करायचं.