दोन सुवर्णपदके



उंच उडीत विजेत्याचीही शेवटची उडी बहुधा फसलेलीच असते. दांडी वर सरकत राहते. सलग तीनदा चुकले की खेळ संपतो.

१ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये कतारचा मुताझ बार्शिम आणि इटलीचा जियानमार्को टाम्बेरी या दोघांनीही २.३७ मीटर उंची पार केली. २.३९ ला दोघेही तीनदा चुकले. आधीच्या चुकांचा हिशोबही सारखाच. पंचांनी निर्णायक उडीचा पर्याय सांगताच बार्शिमने विचारले, दोघांनाही सुवर्ण मिळेल का? नियमात ते बसत होते. टाम्बेरीने आनंदाने होकार दिला.

हा लढतीपासून पळ तर नव्हे? २०२४ साली पॅरिसमध्ये न्यूझीलंडचा हॅमिश कर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकइवन २.३६ वर बरोबरीत आले. ते निर्णायक उडीला उतरले. कर जिंकला, मॅकइवनला रौप्य मिळाले. त्यांनीही काही गैर केले नाही. आणि टोकियोत दोघांनी हरण्याचा धोका टाळला, हेही खरे.

तरीही एक प्रश्न उरतो. शेजारच्याच्या गळ्यात तेच पदक आले म्हणून आपले हलके होते का? उडीची उंची तर तेवढीच राहिली. कमी झाला तो फक्त दुसऱ्याचा पराभव. मग आपण धडपडतो ते नेमके कशासाठी, उंचीसाठी की त्या पराभवासाठी? भावाच्या, शेजाऱ्याच्या यशाची बातमी येते तेव्हा आपले मन याचे खरे उत्तर देते. ते आपण प्रामाणिकपणे ऐकू या.