काशीतला अद्वैताचा वाद

मार्च 1916 मध्ये विनायक नरहरी भावे, म्हणजे पुढचे विनोबा, इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघाले आणि सुरतेला उतरून थेट काशीला गेले. बंगालची क्रांती आणि हिमालयातली शांती, दोन्हींची ओढ होती. काशी दोन्हींच्या वाटेवर. अन्नछत्रात एक वेळचे जेवण आणि वर दोन पैसे दक्षिणा. त्या पैशांत संध्याकाळचे रताळे-दही भागे. संस्कृताला बारा वर्षे लागतील, असे शास्त्रीबुवांनी बजावले. यांच्याजवळ दोन महिने होते!

गंगाकाठी द्वैती-अद्वैती पंडितांचे वाद रंगत. एकदा अद्वैत्यांचा विजय जाहीर होताच विनोबांनी उठून सांगितले, की हरले अद्वैतीच. दुसरा कोणी नाहीच, तर वाद कोणाशी? वादाला बसणे म्हणजे द्वैत मान्य करणे. व्यवहारापुरते द्वैत शांकरमतालाही चालते, तेव्हा पंडितांना उत्तर होतेच; पण जिंकण्याच्या हौसेवर ते लागू पडत नाही.

गांधीजींचे काशीतले भाषण तिथे अजून चर्चेत होते. पत्रव्यवहार झाला आणि 7 जून 1916 रोजी विनोबा कोचरब आश्रमात पोहोचले. 1921 मध्ये ते वर्ध्याला आले.