यादीत नाव आले नाही तेव्हा



पाऊस सुरू झाला की आपल्याकडे प्रवेशफेऱ्यांचेही दिवस सुरू होतात. नीट, सीईटी, जेईई यांचे निकाल लागलेले असतात आणि मग एकामागून एक याद्या येऊ लागतात : पहिली फेरी, दुसरी फेरी, तिसरी फेरी. प्रत्येक यादीनंतर काही घरांत पेढे वाटले जातात. उरलेल्या घरांत मोबाइलवर तीच यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत पाहिली जाते आणि त्या रात्री कोणाला जेवण जात नाही. पेढ्यांच्या घरी अभिनंदन करायला सगळे जातात. दुसऱ्या घरी जाऊन काय बोलावे ते सुचत नाही, म्हणून कोणी जात नाही. आजचे हे चिंतन त्या दुसऱ्या घरांसाठी आहे.

अशा वेळी काही ठरावीक वाक्ये कानांवर पडतात. 'देवाची इच्छा.' 'जे होते ते चांगल्यासाठीच होते.' 'अजून थोडा अभ्यास केला असता तर!' पहिली दोन वाक्ये मायेने बोलली जातात, तिसरे वैतागून. पण तिन्ही घाईची आहेत. जे घडले ते धड पाहण्याआधीच ती त्याचा अर्थ लावून मोकळी होतात. म्हणून अर्थाकडे वळण्यापूर्वी आपण एक साधा प्रश्न विचारू या : प्रवेश नाकारला गेला, म्हणजे नेमके काय नाकारले गेले?

वैद्यकीय प्रवेशाचेच उदाहरण घेऊ. २०२५ साली नीट परीक्षेला देशभरातून २२ लाखांहून अधिक मुलेमुली बसली. त्यांपैकी १२ लाख ३६ हजारांहून अधिक जण पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा होत्या सव्वा लाखाच्या आसपास, आणि सरकारी महाविद्यालयांतल्या त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे सुमारे अकरा लाख मुलांना एकाच व्यवस्थेने दोन उत्तरे दिली : तुम्ही पात्र आहात, आणि तुमच्यासाठी जागा नाही. पात्रतेची ही रेषा फार उंच नसते, हे खरे. परंतु जिथे प्रवेशाची खरी रेषा पडते, तिथेही काय घडते ते पाहावे. बरोबर उत्तराला चार गुण मिळतात, चुकल्यास एक गुण कापला जातो. म्हणजे एका प्रश्नाचे उत्तर बरोबर येणे आणि चुकणे यांत पाच गुणांचे अंतर पडते, आणि त्या पाच गुणांत हजारो मुले दाटीवाटीने उभी असतात.

आणखी एक गोष्ट. २०२५ साली ७२० पैकी ६०० च्या वर गुण मिळवणारे विद्यार्थी दीड हजारही नव्हते. आदल्या वर्षी, २०२४ मध्ये, तेवढे गुण मिळवणारे पन्नास हजारांच्याही पुढे होते. एका वर्षात मुलांची बुद्धी आटली काय? नाही. प्रश्नपत्रिका अवघड निघाली. सीईटीच्या पर्सेंटाइलचेही तसेच आहे. आपल्या मागे किती जण आहेत एवढेच तो आकडा सांगतो. आपल्याला किती येते हे तो सांगत नाही. संगणक अभियांत्रिकीची जागा थोडक्यात हुकलेल्या मुलीला तर्कशास्त्र कळत नाही, असे त्या आकड्यावरून मुळीच सिद्ध होत नाही.

तेव्हा आपल्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे : जागा नाकारली गेली. जागा मर्यादित होत्या, मागणारे अनेक होते, कुठे तरी रेघ ओढावी लागली. दुसरे उत्तर, 'माझी कुवत नाकारली गेली', हे काही जणांच्या बाबतीत अंशतः खरे असू शकेल, पण रेघेजवळच्या मुलांच्या बाबतीत ते खरे नाही. आणि तिसरे उत्तर, 'मीच नाकारला गेलो', हे तर कोणाच्याही बाबतीत खरे नाही. कारण तो प्रश्न त्या प्रश्नपत्रिकेत विचारलाच नव्हता. दुःख अनावर होते ते ही तीन उत्तरे एकमेकांत मिसळतात म्हणून. मुलगा म्हणतो, 'जागा गेली', आणि मनात ऐकतो, 'मी गेलो.'

पवित्र शास्त्रात याच प्रश्नावर एक प्रसंग आहे, पण त्यातल्या एका माणसाकडे आपले लक्ष सहसा जात नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात यहूदाच्या रिकाम्या झालेल्या जागी एका प्रेषिताची निवड करायची आहे. पेत्र अट सांगतो : योहानाच्या बाप्तिस्म्यापासून प्रभूच्या स्वर्गारोहणापर्यंत जो सतत सोबत होता, असाच माणूस हवा. दोन नावे पुढे येतात, बर्सबा म्हटलेला योसेफ आणि मत्थिया. दोघेही अटीत बसतात. जागा एकच. प्रार्थना करून चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि मत्थियाचे नाव निघते. योसेफ अपात्र होता, त्याची श्रद्धा कमी पडली, असे तिथे एका शब्दानेही म्हटलेले नाही. नव्या करारात त्याचा पुन्हा उल्लेख येत नाही. पण तो निघून गेला असेही लिहिलेले नाही. पुढच्याच अध्यायात पेन्टेकॉस्टच्या दिवशी सगळे एकत्र जमलेले असताना पवित्र आत्मा उतरतो; तो फक्त बारा जणांवर उतरल्याचे कोणी सांगत नाही. ख्रिस्तसभेनेही या योसेफाला विसरून टाकलेले नाही. मत्थियाचा सण १४ मे रोजी येतो आणि योसेफ बर्सबाचे स्मरण २० जुलै रोजी, म्हणजे ऐन प्रवेशफेऱ्यांच्या दिवसांत.

इथे कोणी म्हणेल, 'फादर, चिठ्ठी वेगळी आणि परीक्षा वेगळी. परीक्षेत कष्ट लागतात.' आक्षेप रास्त आहे. रुग्णाला हुशार आणि कष्टाळू डॉक्टर हवा असतो, म्हणून परीक्षा हवीच. पण कष्ट आपल्याला रेघेपर्यंत नेतात. रेघेच्या अल्याड की पल्याड, हे ठरवताना दैवाचाही वाटा असतो. नेदरलँडमध्ये १९७० च्या दशकापासून अनेक वर्षे वैद्यकीय प्रवेशासाठी सोडत काढली जात असे. अधिक गुण असलेल्याला अधिक संधी, पण शेवटी सोडतच. अमेरिकन तत्त्वचिंतक मायकेल सँडेल यांनी २०२० साली 'द टिरनी ऑफ मेरिट' या पुस्तकात नामांकित विद्यापीठांसाठी असेच सुचवले : जे शिक्षण झेपवू शकतील ते आधी निवडा आणि मग त्यांच्यात चिठ्ठ्या टाका. हा उपाय आपल्याकडे चालेल की नाही, हा वेगळा वाद आहे. पण त्यामागचा विचार मोलाचा आहे. चिठ्ठीने जागा गेली तर मूल हळहळते, पण स्वतःला तुच्छ मानत नाही.

त्याआधी १९७१ साली जॉन रॉल्स यांनी 'अ थिअरी ऑफ जस्टिस' या ग्रंथात अधिक मूलगामी गोष्ट मांडली. आपली उपजत बुद्धी आणि आपण ज्या घरात जन्मलो ते घर आपण कमावलेले नसते. इतकेच नव्हे, कष्ट करण्याची वृत्तीदेखील बऱ्याच अंशी घराच्या वातावरणातून येते. आपल्या आजूबाजूला पाहिले तर हे पटते. एका मुलीला क्लासची फी, स्वतंत्र खोली आणि शांत घर मिळाले. दुसरी पहाटे आईबरोबर भाजीच्या जुड्या बांधून मग पुस्तक उघडते. दोघींचे गुण एकाच यादीत लागतात.

आता यातून एक निष्कर्ष निघतो, आणि तो पेढ्यांच्या घरांना थोडा टोचेल. हुकलेल्या मुलाला आपण 'नशिबाचा भाग असतो रे' म्हणून समजावतो आणि मिळालेल्या मुलाला 'तुझ्या गुणांचे चीज झाले' म्हणतो. दोन्ही वाक्ये एकाच तोंडाने बोलता येणार नाहीत. नशीब हुकण्यात असेल, तर ते मिळण्यातही आहे. ज्याला जागा मिळाली त्याने आनंद जरूर करावा. पण ती जागा केवळ आपल्या कर्तृत्वाची मिळकत नसून सोपवलेली ठेव आहे, हे त्याने ओळखावे. अशी नम्रता असलेला डॉक्टर रुग्णाशीही वेगळ्या आवाजात बोलतो.

मग हुकलेल्याने करायचे काय? प्रथम, दुःखाला दुःख म्हणावे. दोन वर्षे सण-समारंभ, मैदान, मित्र सोडून जे मागितले ते मिळाले नाही. हे लहान दुःख नाही. तेराव्या शतकातले आपले थोर तत्त्वज्ञ संत थॉमस अक्वायनस यांनी सुम्मा थिऑलॉजिका या ग्रंथात दुःखावरचे उपाय दिले आहेत. कोणतीही सुखद गोष्ट, रडणे, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन, आणि शेवटी चक्क झोप व स्नान! एवढ्या मोठ्या ईशज्ञान्याला अंघोळीचे महत्त्व सांगण्यात कमीपणा वाटला नाही. पालकहो, मुलाला रडू द्या. त्याला पोटभर जेवू घाला, झोपू द्या. पहिल्या आठवड्यात 'पुढे काय' हा प्रश्न विचारू नका. आणि मूल बोलेनासे झाले, झोप-जेवण सुटले, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा करू लागले, तर त्याला एकटे सोडू नका व डॉक्टरांकडे जाण्यात लाज मानू नका. शासनाच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

त्यानंतर सत्याचे चिंतन. पुन्हा परीक्षेला बसावे का? २०२५ च्या नियमांनुसार नीटला वयाची वरची मर्यादा नव्हती आणि किती वेळा बसावे याचेही बंधन नव्हते. म्हणजे बाहेरून कोणी थांबवणार नाही. आपली मर्यादा आपल्यालाच ठरवावी लागते. अक्वायनस म्हणतात की आशेचा विषय कठीण असतो, पण शक्य असावा लागतो. तेव्हा तीन गोष्टी तपासाव्या. गेल्या वेळी नेमके काय कमी पडले आणि ते वर्षभरात भरून निघण्यासारखे आहे का? मला ते काम हवे आहे, की त्या कामाची पाटी? आणि हे वर्ष मी माझ्या इच्छेने देत आहे, की घरच्यांच्या? तिन्हींची उत्तरे प्रामाणिकपणे मिळाली, तर पुन्हा बसणे हे धैर्य आहे. मिळाली नाहीत, तर थांबणे हेही धैर्यच आहे.

'पाटी' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. परिचारिका म्हणजे डॉक्टर होता न आलेली व्यक्ती नव्हे. फिजिओथेरपी, औषधनिर्माणशास्त्र, आयुर्वेद, शुद्ध विज्ञान ही उरलेल्यांची रांग नव्हे. ज्याला माणसाच्या दुखण्याशी नाते जोडायचे आहे त्याला अनेक दारे आहेत; ज्याला फक्त नावापुढे अक्षरे हवी आहेत त्याला एकच दार दिसते.

पैशाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. खासगी महाविद्यालयाची फी वर्षाला कित्येक लाखांत जाते. परदेशात शिकून आलेल्याला इथे व्यवसाय करण्यापूर्वी स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते आणि तीत अनेक जण अडकतात. यासाठी वाडी विकायची का, हा प्रश्न ज्या घरात उठतो तिथे तो मुलासमोर मांडला गेला पाहिजे. त्याच्यामागे लपवून केलेला त्याग पुढे त्याच्या मानगुटीवर बसतो. ज्या मुलाला वाटते की आपल्यापायी आजोबांची जमीन गेली, त्याला पुढे नापास होण्याचीही मुभा उरत नाही.

राहता राहिला आपण सर्वांचा, म्हणजे धर्मग्रामाचा, प्रश्न. गुणवंतांचा सत्कार होऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. कष्टाचे कौतुक व्हावेच. पण सत्काराच्या सभागृहात जी मुले शेवटच्या रांगेत बसतात, किंवा येतच नाहीत, तीही आपलीच आहेत. ज्यांनी घर सांभाळून परीक्षा दिली, आजारी आजीजवळ बसून अभ्यास केला, हुकल्यावरही मैत्रिणीचे मनापासून अभिनंदन केले, त्यांचे गुण कोणत्या यादीत लागतात? ती यादी लिहिण्याचे काम आपल्याला जमण्यासारखे आहे.

या आठवड्यात आपल्या आळीतल्या अशा एका घरी जरूर जा. उपदेश नको, दुसऱ्या कोणाच्या मुलाचे उदाहरण नको, 'किती मिळाले?' तर नकोच. चहा घ्या, मुलाशी क्रिकेटवर किंवा पावसावर बोला, आणि निघताना त्याला त्याच्या नावाने हाक मारून 'येतो रे' म्हणा.